ॲपच्या मते मी भरीत खाल्लं

गेल्या हिवाळ्यात धरणगावच्या वावरात भरीत खाताना मी रंगेहाथ सापडलो. मी तिथे नव्हतो, एवढीच काय ती अडचण!

चूक माझीच. पाण्याचे फिल्टर दुरुस्त करणाऱ्या जळगावच्या एका ऑफिसात मी कामाला आहे. तिथलं जुनं सॉफ्टवेअर उघडेपर्यंत चहा येऊन जायचा. (थंड होऊन!) घरी मोबाइलवर सटासट खरेदी करणारा मी, एकदा मीटिंगमध्ये तावातावाने बोललो, "साहेब, जेवण मागवलं तर पोऱ्या कोणत्या वळणावर आहे ते दिसतं. मग आपला माणूस कुठे आहे ते ऑफिसला दिसू नये?"

सहकाऱ्यांनी माझ्याकडे खाऊ की गिळू असं पाहिलं. साहेबांना मात्र पटलं. लवकरच नवीन ॲप आलं. नकाशावर आमचे ठिपके आणि त्यावरूनच हजेरी!

नेमकी तेव्हाच सासरी, धरणगावला, भरीत पार्टी ठरली. माझं काम निघालं दीपनगरला. ते उरकून मी संध्याकाळी पोहोचणार होतो. बायको सकाळीच वांगी घेऊन पुढे गेली. पिशवी मीच भरून दिली होती, दाबून दाबून. दीपनगरच्या बसमध्ये मी खिसा चाचपला तर मोबाइल नाही! तो वांग्यांखाली राहिला होता.

मी दीपनगरला इमानदारीत फिल्टर बदलत होतो आणि माझा ठिपका धरणगावच्या वावरात! साहेबांनी फोनवर फोन केले. वांग्यांनी उचलले नाहीत. मग साहेबांनी तडक गाडी काढली. बायकोला मोबाइल सापडला तेव्हा ते बांधावर उभे होते.

खानदेशात जावयाच्या साहेबाला उपाशी कोण सोडतं! संध्याकाळी मी पोहोचलो तर साहेब खाटेवर पट्टा सैल करून बसलेले. सासरे, म्हणजे नाना, भलतेच खूश.

"जवाई, तुमना साहेब भला माणूस शे! बठ्ठं भरीत खाई टाकं!"

बठ्ठं म्हणजे सगळं! मी रडकुंडीला आलो. "साहेब, मी खरंच दीपनगरला होतो हो!"

"माहीत आहे. ग्राहकाला विचारलं मी. पण ॲप म्हणतं, तुम्ही दिवसभर इथेच. रजा लागली."

"मग तुम्ही बदला ना ते!"

"जुन्या सॉफ्टवेअरमध्ये बदलता यायचं," साहेब ढेकर देत म्हणाले.

मी पातेलं खरवडून पाहिलं. वांग्याचं एक देठ हाती लागलं. तेच चोखत बसलो. माझ्याच हट्टाने आलेलं ॲप, निदान खोटं तरी पडायला नको!