बागेत धुतलेली बाही

आमच्या सासूबाईंचं लाँड्रीचं दुकान आहे, आणि त्यांच्या मते माणूस खोटं बोलतो, कपडा बोलत नाही. कोणाच्या घरात धुसफूस चालू आहे, कोण पथ्य मोडून चोरून खातंय, हे त्यांना गिऱ्हाइकाच्या कॉलरवरून आणि खिशावरून कळतं. बहुतेक वेळा त्यांचं बरोबरही निघतं, हीच तर अडचण. मग त्या कोणाचं ऐकून घेत नाहीत.

सासरे, म्हणजे बाबा, बसचे ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी दुकानात खुर्ची टाकली आणि सासूबाईंना इस्त्री कशी फिरवावी हे शिकवायला सुरुवात केली. शेवटी सासूबाईंनीच त्यांना शहरातल्या मोठ्या बागेत पिटाळलं. ही बाग चांगलीच अवाढव्य आहे. मधे तळं, तळ्यात पायाने चालवायच्या बोटी, भोवती पळणाऱ्यांची वाट, आणि गवतावर चादरी टाकून पसरलेली कुटुंबंच्या कुटुंबं. बाबा सकाळी जात, जेवायच्या वेळी परत येत आणि खुशीत असत. सासूबाईंना पहिल्यांदा खटकली ती ही खुशी.

मग एके दिवशी त्यांनी बाबांची पँट उजेडात धरली. डाव्या गुडघ्यावर गवताचा हिरवा डाग होता. मी म्हटलं, बसले असतील गवतावर. बसणाऱ्याला डाग मागे पडतो, असं उत्तर आलं. या वयात गुडघा टेकून हे कोणाकडे काय मागतायत, असा त्यांचा प्रश्न होता. मला हसू आलं आणि त्यांनी ते पाहिलं, त्यामुळे त्या दिवशी चादरींचा सगळा ढीग माझ्या वाट्याला आला.

पुढच्याच आठवड्यात बाबांच्या शर्टाची पाळी आली. सासूबाईंनी डावी बाही नाकाशी नेली, उलटी केली, बोटांनी चाचपली आणि दुकानाचं दार लोटून घेतलं.

"ही बाही कोणीतरी धुतलीय," त्या म्हणाल्या. "आणि बाईने धुतलीय."

बाईने कशावरून, असं विचारल्यावर त्यांनी मला सुरकुत्या दाखवल्या. पुरुष कपडा पिळत नाही, त्याचा गळा दाबतो, म्हणे. हा पीळ मात्र सारखा, हलका, शिवण सांभाळून दिलेला होता. वर हात धुवायच्या साबणाचा वास, आणि असला साबण आमच्या घरात नाही. कुठेतरी पाणी मुरतंय, हे आता मलाही वाटायला लागलं.

खरं सांगायचं तर या वेळी मला हसू आलं नाही. सगळ्या गल्लीचे कपडे मशीनमध्ये जातात, पण बाबांचे शर्ट सासूबाई आजही हाताने धुतात. नवऱ्याने कोणाशी दोन गोड शब्द बोललेले त्यांनी एक वेळ सोडून दिले असते. त्याच्या शर्टावर दुसरीचा हात फिरला, हे त्यांना सोसेना. त्या रात्री त्या धड जेवल्या नाहीत.

त्यांनी बाबांना सरळ विचारलं. नळावर हात धुताना बाही भिजली, असं बाबा खिडकीकडे बघत म्हणाले. जन्मभर समोर बघून गाडी चालवलेला माणूस खिडकीकडे बघून बोलतो, म्हटल्यावर संशयाला वेगळं खतपाणी लागत नाही. सासूबाईंनी बॅग भरली. स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, खरं निघालं तर धाकट्या बहिणीकडे निघून जायचं आणि दुकान माझ्या गळ्यात घालायचं, असा बेत ठरला. बॅग दाराआड उभी होती आणि ही बाई बोलल्याप्रमाणे करणारी आहे. माझा नवरा म्हणाला, मला यात ओढू नका, आणि पांघरूण डोक्यावर ओढून झोपला.

रविवारी बाबा निघाले आणि मागोमाग आम्ही. सासूबाईंनी माझा गॉगल लावला होता आणि टोपी कपाळापर्यंत ओढली होती. कोणी ओळखणार नाही, अशी त्यांची खात्री होती. फाटकातून आत पाऊल टाकतोय तोच पळता पळता एक गृहस्थ थांबले आणि माझा कोट झाला का, असं त्यांनी विचारलं. पुढे बॅडमिंटन खेळणाऱ्या दोघींनीही हात केला. अर्धी बाग आमच्या इस्त्रीतून गेलेली होती.

बाबा तळ्याच्या कडेने चालले होते. आम्ही झाडाआडून बघत होतो. ते प्रत्येक बाकापाशी थांबत, बाकाच्या पाठीवर हात टेकत, मागे बघत आणि मग पुढे जात. कोणाची तरी वाट बघतायत, सासूबाई पुटपुटल्या. मलाही तसंच वाटलं. बोटींच्या तिकीट खिडकीजवळ ते आले तशी आतून चाळिशीची एक बाई लगबगीने बाहेर आली आणि तिने सरळ त्यांचा दंड धरला.

सासूबाईंनी गॉगल काढून माझ्या हातात दिला आणि निघाल्या. मी मागे धावले. त्या काय करणार होत्या ते त्यांनाच ठाऊक, कारण आम्ही पोचायच्या आतच बाबांचा डावा पाय मुडपला. ते गुडघ्यावर आले, मग कोपरावर. बोटवालीने त्यांचं डोकं सांभाळलं. सरावाचं काम असावं तसं तिने त्यांना नळाजवळच्या पायरीला टेकवून बसवलं, मग बाही दुमडून नळाखाली धरली आणि साबण लावला.

"काका, आज तरी घरी सांगा," ती त्यांना म्हणत होती. "दर वेळी मी असेनच असं नाही."

सासूबाई तिच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. बाबांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

"डाग कसला आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"रक्त आहे, मावशी. म्हणून लगेच गार पाण्याखाली धरलं. तुम्ही यांच्या कोण?"

सासूबाई बाबांना खेटून पायरीवर बसल्या. बाबा म्हणाले, मी असा पडतो हे हिला कळलं असतं तर हिने मला पुन्हा दुकानातल्या खुर्चीत बसवलं असतं. सासूबाई म्हणाल्या, बसवलंच असतं. समोर तळ्यात एका बोटीतली दोन मुलं उलटसुलट पायडल मारून गोल गोल फिरत होती.

"बाही कोणी धुतली ते मी दुकानात बसून ओळखलं," सासूबाई मला म्हणाल्या. "का धुतली, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही."

मग त्या उठल्या, बोटवालीच्या हातातून बाही घेतली आणि स्वतः नळाखाली धरली. डाग कधीच निघून गेला होता. बोटवालीने तसं सांगितलंही. तरी त्या धूत राहिल्या.