काक्षीची ऊब मोजायला: कोयनानगर, आष्टा, आटपाडी

"या हिवाळ्यात तुमच्या यंत्राने एक तरी तारा पकडला पाहिजे. नाही तर गणिताचा विषय घ्या आणि प्रबंध संपवा," असं सरांनी मला तोंडावर सांगितलं. गोष्ट सत्तरच्या दशकातली. ताऱ्यांकडून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरणही येतात. ते मोजायचं यंत्र मी पुण्यात जिवाचं रान करून बांधलं होतं आणि ते ढिम्म होतं. मला गणिताचा विषय नको होता. मला माझे तारे हवे होते!

म्हणून साताऱ्याला घरी आले आणि शिवामामाला गळ घातली. मामा फौजेत ट्रक चालवून निवृत्त झालेला. त्याने ओळखीतून जीप मिळवली. मागे दुर्बीण, कागदी पट्टीवर पेनाने रेघ ओढणारा रेकॉर्डर आणि कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर. यंत्र गार ठेवायला कोरडा बर्फ लागतो. सिलिंडर उलटा करून जाड कापडी पिशवीत वायू सोडला की भुसभुशीत बर्फ जमतो. ही युक्ती आठवली की अजून मजा वाटते.

पहिला मुक्काम कोयनानगर, निवड माझी. उंच जागा, हुकमी वीज, राहायला खोली. पाटणच्या पुढच्या वळणांवर मामा गाणी म्हणत होता आणि मी दुर्बीण कवटाळून बसले होते. संध्याकाळी मृग नक्षत्रातल्या काक्षी या तांबूस ताऱ्यावर दुर्बीण लावली, तोच पेनाने टुणकन उडी मारली. मी किंचाळले. मामाने जीपचा भोंगा वाजवला. खोल्यांचा राखणदार कंदील घेऊन सावकाश आला.

"आवं ताई, घाबरू नगा. धरणी हालली वाईच. हितं रोजचंच हाय. च्या टाकू का?"

माझा तारा म्हणजे भूकंपाचा धक्का निघाला. त्यात धरणाकडून आलेल्या दमट हवेने यंत्राच्या काचेवर बर्फाचा थर चढला आणि सिलिंडरही संपला. अवरक्त किरण हवेतली वाफ गिळते हे पुस्तकात वाचलेलं, आणि मी पाण्याच्या उशाशी येऊन बसले होते! रागाने मला रडू फुटलं.

"सुमे, गप. आटपाडीला जाऊ," मामा म्हणाला. "तितं माझा पलटनीतला जोडीदार हाय, बापू. तितं हवेत पानी न्हाई आन हिरीत बी न्हाई."

आधी सिलिंडर हवा होता, आणि सोड्यात हाच वायू भरतात. कराडवरून आष्ट्याला गेलो. तिथे बशीरभाईंचा सोडावॉटरचा कारखाना होता, म्हणजे एक पत्र्याची शेड आणि गोटीच्या बाटल्यांचा डोंगर.

"लग्नसराई हाय, ताई," ते डोकं खाजवत म्हणाले. "सोडा संपला तर वऱ्हाडी मलाच पितील." मग मामाकडे बघून हसले. "न्या. तारा घावला तर सांगा. न्हाई घावला तरी शिलिंडर आनून द्या."

तासगाव, विटा. विट्याची मिसळ खाताना डोळ्यांतून पाणी आलं, पण या वेळी कारण चांगलं होतं. पुढे बाभळी, मेंढरं आणि फुफाटा. आता रस्ता झकास झालाय. दुर्बीण घेऊन जाणार असाल तर माघात जा आणि पिण्याचं पाणी बरोबर ठेवा.

बापूंनी आमचं स्वागत मात्र जोरात केलं. लांबून आणलेल्या पाण्यातलं हंडाभर पाणी त्यांनी दुर्बिणीच्या जागेवर सडा म्हणून शिंपडलं. मी ओरडलेच, "नको, ओल नको!" बापूंचा चेहरा पडला. मामाने त्यांना कोयनेची सगळी कहाणी सांगितली तेव्हा ते खो खो हसले.

"सडा नगं म्हननारी पावनी पैल्यांदाच बघितली, गड्या! चला, खळ्यावर मांडू."

खळं खडखडीत कोरडं होतं. विजेची लाइन स्थिर राहावी म्हणून बापूंनी कडबा कापायच्या यंत्राची मोटरही बंद ठेवली. दिवस मावळला. आधी मृगातलाच पांढराशुभ्र राजन्य तारा घेतला. डोळ्यांना तो काक्षीपेक्षा ठळक दिसतो. पेन जेमतेम थरथरलं. मग दुर्बीण काक्षीवर नेली आणि पेन सरळ वर चढत पट्टीच्या काठाला जाऊन टेकलं.

कुणीच ओरडलं नाही. कोयनेने शहाणं केलं होतं. मी दुर्बीण बाजूला सरकवली, पेन खाली आलं. पुन्हा काक्षी, पुन्हा वर. तिसऱ्यांदाही तेच! मग मी ओरडले, मामा ओरडला, बापूंची कुत्री ओरडली.

"आवं, पर त्यो पांढरा मोटा दिसतोय की," बापू म्हणाले.

"पांढरा फार तापलेला आहे, बापू. त्याचा बराचसा उजेड निळ्याकडे जातो. हा तांबडा थंड आहे, पण फुगून अवाढव्य झालाय. याचं खरं तेज आपल्या डोळ्यांना दिसतच नाही."

"मंजी आपलं डोळं लबाड," बापू म्हणाले.

मग रोहिणी घेतली, व्याध घेतला. सगळ्या आकाशात झगमगणारा व्याध कागदावर काक्षीपुढे अगदीच बुटका निघाला. ताऱ्यांच्या जाती माझ्या पेनाखाली वेगवेगळ्या होत होत्या. इतका आनंद मला नंतर परदेशातल्या मोठमोठ्या दुर्बिणींनीही दिला नाही.

परतताना बशीरभाईंनी बातमी ऐकून आम्हाला दोन-दोन बाटल्या पाजल्या. पुण्यात सरांनी पट्टी खिडकीपाशी नेऊन निरखली आणि म्हणाले, "दुर्बीण आता आटपाडीलाच ठेवा. उन्हाळ्यात तांबडी ज्येष्ठाही घ्या."

साताऱ्याला घरी पोचले तर शेजारच्या काकू ओसरीवर बसल्या होत्या. "काय गं सुमे, शिकनं संपलं का न्हाई अजून?" हा प्रश्न त्या मला वर्षानुवर्षं विचारत आणि मी मान खाली घालून आत पळायची. त्या दिवशी उंबऱ्यात उभी राहिले.

"काकू, मी ताऱ्यांची ऊब मोजते."

काकूंनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "मंजी नोकरी लागली म्हन की."

"व्हय काकू," मी म्हणाले, "जन्माची."