चौथीचा न घेतलेला तास

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. ज्या शाळेत घडलं तिथून बदली होऊनही आता पाच वर्षं झाली — तरी नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच कदाचित तुमच्याजवळ बोलता येईल.

मी प्राथमिक शिक्षिका. तेव्हा जानेफळजवळच्या एका खेड्यात चौथीला शिकवायचे. त्या वर्षी तालुक्याला आमचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. मुलांना शरीराबद्दल कसं सांगायचं — अवयवांची खरी नावं, कुणी नको तिथं हात लावला तर काय करायचं, पाळी येते म्हणजे काय होतं. येताना तक्ते दिले. महिनाभरात तास घ्यायचा आणि फोटोसह अहवाल पाठवायचा.

मी तो तास घेतला नाही.

तक्ता दोन मुलींच्या हातात दिला, बावीस मुलं नीट बसवली, फोटो काढला. मग तक्ता गुंडाळला आणि हात स्वच्छ कसे धुवायचे ते शिकवलं. अहवालात लिहिलं — तास घेतला, मुलांचा प्रतिसाद उत्तम. लाज वाटली म्हणू? गाव काय म्हणेल याची भीती? पण घरी माझ्या स्वतःच्या मुलीला मी आदल्याच वर्षी सगळं समजावलं होतं, पॅड कसा लावायचा इथपर्यंत. म्हणजे मला सांगता येत होतं. मग?

वर्गात दीक्षा नावाची मुलगी होती. दहा वर्षांची, अंगानं थोराड, अबोल. तिची आई दोन वर्षांपूर्वी गर्भाशयाच्या कॅन्सरनं गेली होती. घरी वडील विजयभाऊ — ते वायरमनचं काम करायचे — आणि दुसरीतली धाकटी बहीण, आरू. बाईमाणूस घरात कुणीच नाही. हे मला माहीत होतं. तेही सांगून टाकते.

मार्चमध्ये एकदा मधल्या सुट्टीत आरूच्या हातात दीक्षाचा कंपास दिसला. पाठीवर दप्तरही दीक्षाचंच. मी दटावलं, ताईच्या वस्तू घेऊ नये. ती शांतपणे म्हणाली, "मी नाई घेतल्या मॅडम. ताईनंच देल्ल्या. ताई मरनार हाय नं आता."

मी हसले. खरंच — आधी मी हसले. मग तिचं तोंड पाहिलं.

दीक्षाला रिकाम्या वर्गात नेलं. ती खाली बघत म्हणाली, "मले मायवानी झालं, मॅडम. रगत जाते."

कधीपासून? तर संक्रांतीपासून. आई आजारी होती तेव्हा तिचे भरलेले कपडे हीच धुवायची — आठ वर्षांची पोर. आईला तसं सुरू झालं आणि पुढे आई गेली. आता आपला नंबर, एवढंच तिला कळलं होतं. वडिलांना सांगितलं नाही, कारण "मायच्या टायमाले पप्पा लय रडले." आरूला ती भाकरी थापायला शिकवत होती. दिवस थोडे राहिले म्हणून घाई केली, त्यात आरूचा हात पोळला होता.

दोन-अडीच महिने ही मुलगी माझ्यासमोर तिसऱ्या रांगेत बसून पाढे म्हणत होती आणि मरायची तयारी करत होती. माझ्यापासून चार हातांवर. मी काय पाहत होते?

मग मी सांगितलं तिला. पाच मिनिटं लागली — पाचच. तिनं विचारलं, "म्हंजे मी मरत नाई?" नाही म्हणाले, तशी ती भिंतीला टेकली आणि तिथंच झोपून गेली. शाळा सुटेपर्यंत उठली नाही.

तुम्ही म्हणाल, चूक झाली, पण निस्तरली. मुलगी आज बारावीला आहे, ठणठणीत आहे. नाही हो. सांगायचंय ते हे नाहीच.

त्या संध्याकाळी दीक्षानं घरी सगळं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी विजयभाऊ तिला घेऊन ऑफिसात आले. रागात नव्हते. उलट संकोचले होते. "मॅडम, मी बाप मानूस, मले हे सांगता नाई येत. पन शायेत सांगतेत म्हने. मंग माह्या पोरीले काऊन नाई समजलं?"

मुख्याध्यापक म्हणाले, तास तर झालाय, अहवाल गेलाय. दोघंही माझ्याकडे बघू लागले.

मी म्हणाले, "झाला की तास. दीक्षा त्या दिवशी गैरहजर होती."

अडखळलेसुद्धा नाही. वर्षभरात ती पोर एक दिवस चुकली नव्हती. त्या फोटोत तक्त्याची एक बाजू धरून उभी होती ती दीक्षाच. मुख्याध्यापकांनी मोबाइल उघडला असता तरी दिसलं असतं. कुणी उघडला नाही. बाईंवर कोण अविश्वास दाखवतं?

विजयभाऊंनी तिला विचारलं, "काऊन वं, गेली नवती शायेत?"

दीक्षानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. कसं, ते मला आजही सांगता येत नाही. मग वडिलांना म्हणाली, "पोट दुखत होतं, पप्पा. नवती गेली मी."

माझ्यासाठी खोटं बोलली ती. की बाई म्हणतात तेच खरं असणार, असं वाटलं तिला? मी कधी विचारलं नाही.

विजयभाऊंनी हात जोडले. पोरीला म्हणाले, मॅडमची माफी माग.

तिनं मागितली.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पुन्हा शाळा बुडवू नको."