डाव्या चाकाचे पाच बोल्ट

सावकाश मेस्त्रीला खरं नाव होतं, पण ते आठवायला त्याच्या बायकोलाही क्षणभर थांबावं लागायचं. चाळीस वर्षं गॅरेज चालवलं, पण त्याने एक तरी बोल्ट घाईने खोलला असेल तर शपथ! गंजलेल्या बोल्टाशी मारामारी करायची नाही, हा त्याचा नेम. "आधी त्याला केसभर घट्ट करायचं," तो म्हणायचा. "आपलंच खरं झालं, असं त्याला वाटू द्यायचं. मग हळूच सैल. माणूस काय नि बोल्ट काय, खोड एकच." बोल्टांना तो अहोजाहो करायचा आणि गिऱ्हाइकांना अरेतुरे. गाड्या दुरुस्त होत होत्या, त्यामुळे गिऱ्हाइकंही ऐकून घेत.

तर अशा या माणसाच्या गॅरेजात त्याचे सासरे जुन्या गाडीत जाऊन बसले आणि उतरेचनात.

गाडी या सासऱ्यांचीच, म्हणजे अप्पांचीच. एकतीस वर्षांपूर्वी ते थोरल्या भावाशी भांडले होते. कशावरून, ते दोघांनीही कुणाला सांगितलं नाही. अप्पा तणतणत याच गाडीत बसले आणि फाटकातून ओरडले, "पुन्हा या दारात येईन तर याच गाडीतून, आणि तेही तू चूक कबूल केल्यावर!" थोरल्यांनी चूक कबूल केली नाही. गाडी ताडपत्रीखाली गंजत राहिली आणि अप्पा शब्दाचे पक्के राहिले. असल्या शब्दाला काय चाटायचंय, पण म्हाताऱ्यापुढे बोलणार कोण?

मग पुतणीचा फोन आला. "काका, पुढच्या सोमवारी बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर नीट काही सांगत नाहीत. रविवारी रात्री दवाखान्यात न्यायचंय, त्याआधी एकदा घरी येऊन जा."

सोमवारला दहा दिवस होते. अप्पांनी उशी, वर्तमानपत्र आणि गोळ्यांचा डबा घेतला आणि थेट मागच्या सीटवर बैठक मारली. "जावईबापू, गाडी निघाली की हाक मारा." टॅक्सीने जा म्हटलं की अंगावर यायचे.

मेस्त्रीने दोन दिवसांत इंजिन बोलतं केलं. उजवीकडची दोन्ही चाकं लोण्यासारखी निघाली. पुढचं डावं सुरळीत फिरत होतं, म्हणून त्याला हातच लावला नाही. मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक मात्र असा आवळून बसला होता की गाडी तसूभर हलेना. ब्रेक सोडवायचा तर चाक काढायला हवं आणि चाक काढायचं तर पाच बोल्ट.

ते पाच बोल्ट म्हणजे पाच सासरे! मेस्त्रीने तेल पाजलं, ज्योतीने शेकलं, हातोडीने टिचक्या मारल्या. "या साहेब, या," म्हणत आधी केसभर घट्ट केलं. तेवढं व्हायचं. मग पान्याला लांब पाइप लावून सैल करायला अंगाचा सगळा भार टाकला. ढिम्म! पाइप वाकला. दुसरा आणला, तोही वाकला. गाडीला हिसका बसला की अप्पा आतून ओरडायचे, "निघाली का?" आणि मेस्त्री केसभर घट्ट करायला लागला की त्यांना ठसका लागायचा. लेकीने खोकल्याचं औषध आणून दिलं.

दिवस जात होते. अप्पांचं जेवण खिडकीतून जायचं. न्हावी बाहेर उभा राहून दाढी करून गेला. पोस्टमन टपाल बॉनेटवर ठेवू लागला. एका गिऱ्हाइकाने तर अप्पांसकट गाडीची किंमत विचारली.

रविवार उजाडला. मेस्त्री चाकाशी मांडी घालून बसला होता. डोळे भरून आले होते त्याचे. "चाळीस वर्षं पाना हातात धरला," तो बायकोला म्हणाला, "आणि सख्ख्या सासऱ्याचं एक चाक निघेना. तिकडे काही बरंवाईट झालं तर मी तोंड कुठे लपवू?"

बायको शेजारीच कपडे वाळत घालत होती. "अहो, आठवडाभर बघतेय मी. तुम्ही घट्ट करता तेव्हा तो हलतो. सैल करता तेव्हा हलत नाही."

"मग?"

"मग घट्टच करा ना!"

"अगं, घट्ट करून चाक निघतं का कधी? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"माझं आहे. तुमचं चाकाखाली गेलंय. द्या इकडे." तिने ओला हात पदराला पुसला, पाइपासकट पाना घेतला आणि घट्ट करायच्या बाजूला रेटला. कर्रर्र! बोल्ट फिरला. आणखी फिरला. टपकन तिच्या हातात आला.

मेस्त्री बघतच राहिला. जुन्या काही गाड्यांच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात, हे त्याने उमेदवारीत ऐकलं होतं आणि पार विसरला होता. म्हणजे इतके दिवस सैल करतोय म्हणून तो बोल्ट आवळत होता, आणि तेही पाइप लावून!

मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. गाडी कुणाची? तो खिडकीशी गेला. "अप्पा, तुम्हाला माहीत होतं?"

अप्पांनी आठवड्याचं शिळं वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. "तुम्ही विचारलंत कुठे?"

"अप्पा!" लेक कडाडली.

वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं. "दादा म्हणाला होता, डावीकडचे बोल्ट उलटे फिरतात. मी म्हणालो, तुझी अक्कल उलटी फिरलीय. त्यावरून जुंपली. घरी येताना वाटेत याच बाजूचं चाक पंक्चर झालं." अप्पांचा आवाज बारीक झाला. "उलटेच फिरतात."

"यावरून एकतीस वर्षं?" लेकीला हसावं की रडावं कळेना.

दुपारपर्यंत ब्रेक सुटला, चाक बसलं. आता अप्पा म्हणाले, "मी नाही येत. कोणत्या तोंडाने जाऊ?" आणि दाराची कडी धरून बसले.

लेक समजूत घालणार, तोच मेस्त्रीने तिला डोळ्याने गप्प केलं. "बरोबर आहे अप्पांचं," तो म्हणाला. "मुळीच जाऊ नका. थोरल्यांना कळवतो मी, अप्पा यायला घाबरले म्हणून."

"कोण घाबरलं?" अप्पा उसळले. "चला! गाडी काढा!"

संध्याकाळी गाडी थोरल्यांच्या गल्लीत शिरली. थोरले फाटकापाशीच खुर्ची टाकून बसले होते, पांघरुणात गुंडाळलेले, अंगावर हाडंच उरलेली. गाडी थांबली. अप्पांनी काच खाली केली. घसा दोनदा खाकरला.

"दादा, उलटेच फिरतात."

थोरल्यांनी कानामागे हात नेला. "काय?"

"उलटे फिरतात म्हटलं!"

"ऐकू येत नाही रे."

अप्पा गाडीतून उतरले, फाटक ओलांडून त्यांच्या कानाशी वाकले आणि रडत रडत ओरडले, "बोल्ट! डावीकडचे! उलटे फिरतात! तुझंच खरं होतं!"

"पहिल्यांदाच ऐकलं होतं मी," थोरले म्हणाले आणि त्यांनी अप्पांचा सदरा मुठीत घट्ट धरला. "ऑपरेशनच्या आधी तीनदा ऐकायचं होतं."