सारवल्या जागेवरचा खांब

आमच्या गावी एक आजी होती, तिची एक नात होती वनिता, अन नातीचं एक ट्रॅक्टर होतं जे आपल्या मनानं चाले. त्यातली आजी म्हणजे मीच. मंग आता काय सांगू तुमाले…

सोयाबीनच्या पेरणीचा दिवस. वनितानं धुऱ्याजवळ, म्हणजे वावराच्या बांधापाशी, तिपाईवर एक खांब उभा केला.

"आजी, ट्रॅक्टर या खांबाच्याच इशाऱ्यावर चालते. कुठून कुठं जायचं ते याच्यापासूनच मोजते."

"अन चोरानं दुसराच इशारा देला तं?"

"कुलूप आहे ना. दोघं एकमेकाची खूण ओळखतात. परक्याचं ऐकतच नाही ते."

गावची माणसं पाहायले बसली होती. पेरणीच्या ओळी, आमचे तास, सरळ निघाले तर हंगामभर वनिताले बोलावणी. वाकडे निघाले तर "पोरीनं ट्रॅक्टर घ्यावंच काऊन" हे जन्मभर ऐका.

दुपारपर्यंत तास कसे, दोरी लावल्यावानी. वनिता जेवायले बसली, अन मले आठवलं, सकाळच्या घाईत पूजाच राहिली. आमच्या घरी तिफणीले हळद-कुंकू लागल्याशिवाय बी मातीत पडलं नाही. आता तिफण नाही. मंग ज्याचा इशारा त्याची पूजा, नाही का?

पण खांब उभा बकरीच्या लेंड्यांत. तिथं पूजा कराल का तुमी? मी पाच हात पलीकडे, शेजारच्या गंगारामभाऊच्या बाजूले, जागा सारवली. खांब अलगद उचलून तिथं बसवला. कुंकू लावलं.

वनिता आली, ट्रॅक्टरवर हात बांधून बसली, मागं बी कसं पडते ते पाहू लागली. ट्रॅक्टर निघालं ते धुरा ओलांडून गंगारामभाऊच्या वावरात, पाच हात आत. तेही अगदी सरळ.

"वैनी," गंगारामभाऊ म्हणे, "माझं वावर पेरायले मी कवा सांगतलं?"

वनितानं ट्रॅक्टर थांबवलं. "आजी, कोणीतरी कुलूप तोडलं."

मी शेणाचे हात पदराले पुसून राह्यली होती. तिनं हात पाहिले, मंग खांबाचं कुंकू.

"तू हलवला?"

"हलवला कुठं? बसवला."

माणसं हसत उठून गेली. वनितानं खांब उचलून परत लेंड्यांत नेला, तेच मले लागलं. परका आला असता तर हरला असता. घरच्या हाताचा तिनं विचारच केला नव्हता. आपण तरी कुठं करतो?

आठवड्यानं गंगारामभाऊच्या वावरात आमचं सोयाबीन उगवलं, सुतात, एका रेषेत. त्यानं ते सगळ्याईले नेऊन दाखवलं, अन पहिलं बोलावणं त्याचंच आलं. "उरलेलंही पेर, पोरी. पण वैनीले घरी ठेव."

आता पार दूरच्या इंद्रवेल्ली गावाकडूनही बोलावणी येतात, वनिताले दम घ्यायले फुरसत नाही. खांब जरा हलला की ट्रॅक्टर जागीच थांबते, अशी सोय तिनं करून घेतली. नव्या वावरात गेली की सांगते, "हे कुलूप चोरासाठी. अन हे दुसरं, आमच्या आजीसाठी."