गुळाचा खडा

"तू आत नको येऊ. तुझ्या अंगाला डिझेलचा वास येतो."

मालकीणबाई हे सगळ्यांसमोर बोलल्या. नेपियर टाउनच्या हॉलमध्ये मराठी मंडळींचा कार्यक्रम होता. आमच्या पेट्रोलपंपाचे मालक, आमचे साहेब, भाषण करत होते. चहाचा ट्रे मी दारातच दुसऱ्याच्या हातात दिला. ज्या वासावर त्यांचं घर चालतं, त्याच वासानं मला उंबऱ्याबाहेर ठेवलं.

भाषण बाहेरूनच ऐकलं. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत जमिनीतून तेल उसळलं. तेलविहिरींच्या मालकांचे बंगले झाले, मजूर त्याच विहिरींवर जळून मेले. मग मजुरांनी कामं थांबवली. कायदे आले. साहेब म्हणाले, "तेलापेक्षा माणसाचा जीव मोठा." टाळ्या. मीही वाजवल्या.

माझी आठवीत शाळा सुटली. वर्ध्याकडून इथं हिंदी मुलखात आलो तेव्हा याच साहेबांनी काम दिलं, पंपामागची खोली दिली. आईला फोनवर सांगायचो, साहेब देवमाणूस आहे. ते उपकारच मानेवर बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अधारतालच्या आमच्या पंपावर जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडलं. तळाचा गाळ काढायचा होता. मशीनवाले बोलवायचे सोडून साहेब दरवर्षी आम्हालाच उतरवायचे. कमरेला दोरी, तोंडाला ओला रुमाल, दाढेखाली गुळाचा खडा. गूळ चघळला की गॅस लागत नाही, असं आम्हीही मानायचो. मागच्या वर्षी माझ्या जोडीचा रघुवीर भैया तोंडात गूळ असतानाच खाली कोसळला. दोरीनं ओढून काढला. वाचला. पण अजून जिना चढताना मध्येच थांबतो.

साहेबांनी माझ्या तळहातावर खडा ठेवला. "चल, उतर."

"साहेब, भेव वाटून राहिलं."

"काहून? दोरी बांधली ना! राहतो कोणाच्या खोलीत, विसरला का?"

रघुवीर भैया हळूच म्हणाला, "मत जा, भाई. गुड़ से कुछ नहीं होता."

खोली जाणार, हे कळत होतं. तरी कमरेची दोरी सोडली. खडा साहेबांच्या हातात परत ठेवला.

"काल तुम्हीच म्हणाले, जीव मोठा. मी दाराबाहेर होतो, पण ऐकलं. हा गूळ तुम्ही खा अन् उतरा. दोरी मी धरतो."

"संध्याकाळपर्यंत खोली रिकामी कर."

केली.

आता रघुवीर भैयाकडे पथारी आहे. टाकीत माणसं उतरवतात म्हणून कामगार कार्यालयात अर्ज दिला, माझ्या वाकड्या अक्षरात. खाली दोघांच्या सह्या. आईला अजून सांगितलं नाही. साहेबांचे उपकार मानतो, आजही. पण त्यांच्या बदल्यात जीव द्यायचं ठरलं नव्हतं. पुन्हा ते झाकण उघडेल तेव्हा मी तिथं उभा असेन, डिझेलच्या वासासकट. एकाही माणसाला आत जाऊ देणार नाही.