ओल्या उतारावरचं गाऱ्हाणं

मुंबईला मी गवत कापायचो. एका जिमखान्याच्या मैदानावर, ढकलायच्या यंत्राने. काम इमानाचं होतं, पगार वेळेवर मिळायचा, तरी आमच्या घरात त्या कामाचं नाव कोणी काढत नसे. बाबांनी गावभर सांगून ठेवलं होतं की मी क्लबाच्या हापिसात आहे. आमच्याकडे गवत कापणं म्हणजे कमरेच्या आकडीला विळा अडकवून सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, जाणं. तेवढ्यासाठी कोणी पोराला मॅट्रिक करून मुंबईला धाडत नाही. मला बाबांचा राग यायचा, पण त्यांचं बोलणं मी कधी खोडून काढलं नाही. लाज मलाही वाटत होतीच.

यंत्र म्हणजे काय, तर पुढे पिळदार पाती, मागे लोखंडी रूळ आणि ढकलायला लांब दांडा. सपाटीवर ते शहाण्यासारखं चालतं. क्लबाच्या इमारतीपाशी मात्र एक उतार होता, आणि पावसाळ्यात तिथे भल्याभल्यांची फजिती व्हायची. ओलं गवत पात्यांत गोळा होतं, पाती अडतात, रूळ फिरायचं सोडून नुसता घसरतो. तिथे एकच रीत. उताराला आडवं चालायचं, यंत्राच्या वरच्या अंगाला राहायचं, वळताना त्याचं तोंड चढाकडे करायचं आणि पाय अनवाणी ठेवायचे. बोटं मातीत रुतली की माणूस उभा राहतो. पहिल्या पावसाळ्यात ढोपरं फोडून घेऊन मी हे शिकलो, आणि नंतर त्या उतारावर माझ्याइतकं सरळ कोणी कापत नसे. हे सांगायला तेव्हा मला माणूस नव्हता.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. चतुर्थीला मी गावी आलो. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून एस.टी.ने हाडं खिळखिळी करून घेत आलो. घरी पोचतो तर माझी सोयरीक जवळजवळ ठरलेली. मुलगी वेंगुर्ल्याच्या बाजूची, वडील शाळामास्तर. हापिसातला जावई मिळतो म्हणून गुरुजी खूश होते. मुलगी मी लांबून पाहिली होती आणि मला ती फार आवडली होती. हेही सांगायला माणूस नव्हता.

गावाबाहेरच्या टेकडीवर सरकारी बंगला होता. तिथे कोणी मोठे साहेब उतरणार म्हणून आवार साफ करायचा हुकूम आला, आणि त्याच्या पाठोपाठ ट्रकातून गवत कापायचं यंत्रही आलं. बंगल्याच्या पट्टेवाल्याने ते दोनदा ढकलून पाहिलं आणि हात जोडले. बाबा तिथे होते. त्यांना राहवलं नाही.

"आमचो झील क्लबात आसा. तेका असल्या मशिनींची सगळी म्हायती," ते म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण त्यांनी गुरुजींनाही निरोप धाडला, की या, जावई साहेबाचं यंत्र कसं चालवून दाखवतो ते बघा.

दुसऱ्या दिवशी अर्धी वाडी टेकडीवर. सकाळी पाऊस पडून गेलेला, गवत घोट्याएवढं आणि चिंब. गुरुजींना बंगल्यापुढच्या उताराच्या पायथ्याशी खुर्ची दिली होती. मी उताराकडे पाहिलं आणि मुकाट्याने बुटांच्या नाड्या सोडायला वाकलो. बाबा पटकन जवळ आले.

"बूट काडू नको रे. सोयरे बघतत."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांचा एवढा लाचार चेहरा मी कधी पाहिला नव्हता. गावचे गावकार ते, देवळात त्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नसे, आणि इथे ते माझ्या बुटांसाठी डोळ्यांनी विनवत होते. मी नाड्या परत बांधल्या.

पहिली ओळ निघाली. आडवी, सरळ, सुरेख. लोक वा वा म्हणाले. वळायला गेलो आणि चामड्याचा तळवा ओल्या गवतावरून असा सुटला की मी पाठीवर पडलो. दांडा हातातून गेला. यंत्राने तोंड खाली केलं आणि ते खडखडत गुरुजींच्या रोखाने निघालं. बायका किंचाळल्या. गुरुजी उठून बाजूला झाले म्हणून वाचले. खुर्ची मोडून यंत्र आवाराच्या दगडी गडग्यावर जाऊन आदळलं आणि थांबलं.

कोणाला लागलं नाही. पण हसलंही कोणी नाही, आणि ते जास्त वाईट होतं. चिखलाने माखलेला मी उठून उभा राहिलो. जमीन दुभंगावी असं वाटणं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं.

मग एक म्हातारा म्हणाला, "राखणदाराक सांगल्याशिवाय हयसर लोखान घातलास. गाऱ्हाणा घालूक नको?" सगळ्यांनी माना डोलावल्या. दोष बुटांचा होता, जागा राखणाऱ्या त्या देवाचा नव्हता, पण ते बोलायचं कोणी? गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घालायचा मान बाबांचाच. कोणीतरी नारळ आणला. बाबा टोपी सारखी करून पुढे झाले आणि लोक हात जोडून गोल उभे राहिले. गुरुजीही त्यांत होते.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या जाग्याचो तू राखणदार. आज तुका न इचारता हय मशीन लावली, ती चूक पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हो माजो झील मुंबयसून इलो..."

इथे बाबा थांबले. गाऱ्हाण्यात माणूस कोण, कुठला, काय करतो हे देवाला सांगावं लागतं. देवाने ओळखायचं कसं नाहीतर? आणि तिथे खोटं चालत नाही. दर्यावर गेलेल्यांसाठी, आजाऱ्यांसाठी, मूल होत नाही त्यांच्यासाठी बाबांनी आयुष्यभर गाऱ्हाणी घातली, त्यांत एक शब्द कधी वाकडा नव्हता. मला वाटलं, ओरडून सांगावं, बाबा, सोडून द्या हे.

"...थय मैदानावरचा गवत कापता, म्हाराजा. हापिसात नाय. हेच्या हाताक येस दी रे म्हाराजा!"

मग नेहमीसारखं, पण जरा खालच्या आवाजात आलं, "व्हय म्हाराजा."

नारळ फुटला. मी अनवाणी होऊन बाकीचा उतार कापला. एकदाही घसरलो नाही.

सोयरीक मोडली नाही. मोडली असती तर गुरुजींना चार शिव्या घालून मी मोकळा झालो असतो. काम आटोपल्यावर ते आमच्याजवळ आले. माझ्या पाठीवर हात ठेवला, लग्न ठरल्याप्रमाणे होईल म्हणाले, आणि मग बाबांकडे वळून अगदी साधेपणाने त्यांनी विचारलं, "गावकारांनू, ह्या आदीच कित्याक सांगूक नाय तुमी?"

बाबा सारवासारव करतील असं मला वाटलं. पण आत्ताच देवापुढे खरं बोलून आलेला माणूस तो, त्याला लगेच दुसरं खोटं सुचलं नसावं. मी शेजारी उभा आहे हे ते विसरले.

"माका हेची लाज वाटा होती," ते म्हणाले.